बारा बोल्टची मोटर

काकांच्या गॅरेजमध्ये टेबलावर तीन मोटरी होत्या आणि चौथी खाली, दोन विटांवर. टेबलाचा एक पाय वाकलेला होता, त्यामुळे तिला वर ठेवायची कुणाची हिंमत नव्हती. पहिली वॉशिंग मशीनची, पाच किलो दोनशे ग्रॅम. दुसरी म्हणजे मोटारीचा स्टार्टर, आठ किलो चारशे. तिसरी इटलीहून आलेल्या एका मोडक्या इलेक्ट्रिक स्कूटरची, सहा किलो. तिला मागच्या बाजूला जाळी होती आणि जाळीतून आतले कार्बनचे ब्रश दिसायचे. चौथीचं वजन करायला मी घरचा वजनकाटा आणला, काकांना आधी रिकाम्या हातांनी त्यावर उभं केलं आणि मग तिला उचलून. चव्वेचाळीस किलो. याशिवाय चौदा-चौदा किलोच्या चार बॅटऱ्या, पाण्याचे पाइप वेल्ड करून केलेली, चाकं-ब्रेक धरून अडतीस किलोची चौकट, हातगाडीची चार चाकं, आणि मोपेडवरून काढलेला ड्रम ब्रेक. ब्रेक एकच होता.

गाडी मीरूनासाठी होती. मीरूना काकांची मुलगी, माझी चुलत बहीण, सतरा वर्षांची, वजन बावन्न किलो. ते तिने मला कानात सांगितलं आणि काट्यावर उभं राहायला साफ नकार दिला.

ऑगस्टमधल्या खाण कामगार दिनाला आमच्या गावात पोरं घरी बनवलेल्या गो-कार्ट पळवतात. खाण बंद झाली, पण दिवस पाळायचं कुणी सोडलेलं नाही. बाजारातून निघायचं, वर जुन्या शाफ्टपर्यंत, म्हणजे खाणीच्या तोंडापर्यंत चढायचं, वळसा घालून त्याच उताराने परत बाजारात यायचं. पूर्वी पेट्रोलची इंजिनं असायची. त्या वर्षी पालिकेने नियम काढला की आवाज नको, धूर नको, फक्त वीज. तेव्हापासून गॅरेजांच्या सगळ्या रांगेत मोटरींशिवाय दुसरा विषय नव्हता.

मीरूनाला सप्टेंबरमध्ये इटलीला जायचं होतं, आईकडे. तिची आई तिथे म्हाताऱ्या माणसांची सेवा करते. मुलीचीही एका घरी सोय लावली होती. मीरूना म्हणायची, "मग काय, आयुष्यभर चमच्याने सूप भरवायचंय. त्याआधी एकदा तरी त्या उतारावरून सगळ्या बाजारासमोर येऊ दे मला." काकांनी आधी नाही म्हटलं, मग एक अट घातली. मोटर कोणती बसवायची ते काका स्वतः ठरवणार.

मी तेव्हा तिमिशोआराहून पदार्थविज्ञानाची पदवी घेऊन परत आले होते आणि नोकरीच्या अर्जांना उत्तर येतंय का बघत बसले होते. मीरूनाने मला मध्ये ओढलं ते हिशोबासाठी, असं ती सांगायची. खरं कारण वेगळं होतं. तिला स्कूटरची मोटर हवी होती आणि काकांना ते पटवून देणारं कुणीतरी हवं होतं.

पहिल्या दोन मोटरी लगेच बाद झाल्या. वॉशिंग मशीनच्या मोटरला घरातली वीज लागते, बॅटरीवर ती नुसती कण्हत होती. स्टार्टर जोरदार ओढतो, पण अर्ध्या मिनिटापुरता. तो बनलेलाच तेवढ्यासाठी असतो. आम्ही दीड मिनिट चालवला तर त्याला हात लावता येईना. उरल्या दोन. दोघींचीही ताकद चढाला पुरेशी होती, हे मी दोरी आणि ताणकाटा लावून तपासलं.

चौथी मोटर सावूकाकांनी आणली होती. सावूकाका काकांबरोबर खाणीत होते, आता भंगाराचा धंदा करतात. ती खाणीतल्या, बॅटरीवर चालणाऱ्या छोट्या रेल्वे-इंजिनाच्या पंपाची मोटर होती. बिडाचं कवच दोन बोटं जाड, कुठेही भोक नाही, झाकणाला बारा बोल्ट. आत कितीही ठिणग्या उडाल्या तरी बाहेर येऊ नयेत म्हणून खाणीसाठी अशाच मोटरी करतात. सावूकाका तिच्यावर थाप मारून काकांना म्हणाले, "घे ग्लिगोर, मीरूनाच्या लग्नापर्यंत टिकेल. नंतर जावयाला हुंड्यात दे. जावई पळून जाईल, ही नाही जायची."

"जावई हिला बघूनच पळेल," मीरूना म्हणाली.

काका हसले नाहीत. ते खाली बसून बोल्ट मोजत होते. एक एक बोल्टवर बोट ठेवून, ओठ हलवत. काका फ्रिजचेही बोल्ट मोजतात, बसमध्ये बसले की खिडकीच्या चौकटीचेही.

ते का, हे आमच्या खोऱ्यात कुणाला सांगावं लागत नाही. माझे वडील काकांचे धाकटे भाऊ. मी पाच वर्षांची असताना खाणीत एका पंपाच्या मोटरचं झाकण बाराऐवजी दहा बोल्टांवर बसवलं गेलं. दोन नंतर लावू म्हणून कुणीतरी ठेवून दिले. आत ठिणगी उडाली, फटीतून बाहेर आली, बाहेर वायू साठलेला होता. सात माणसं गेली. काका पुढच्या पाळीचे इलेक्ट्रिशियन होते, म्हणून वाचले, आणि खाली उतरून भावाला वर आणायचं काम त्यांच्याकडे आलं. आमच्याकडे म्हातारी माणसं अजूनही तळघराचं दार उघडून जरा थांबतात आणि मग दिव्याचं बटण दाबतात. तळघरात बटाटे असतात, दुसरं काही नसतं.

मीरूनाने सुरुवात केली. "बाबा, रस्त्यावर वायू कुठून येणार? मी बाजारात चाललेय, जमिनीखाली नाही."

"बॅटरीतून येतो," काका म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "तू शिकलेली आहेस. शिशाची बॅटरी वायू सोडते की नाही?"

"सोडते," मी म्हणाले, कारण ते खरं आहे. "पण चार्ज होताना, काका. आणि उघड्यावर तो साठून राहत नाही."

"साठत नाही हे तुझ्या बापालाही कुणीतरी सांगितलं होतं."

मीरूना तोंड फिरवून सूर्यफुलाच्या बिया सोलत बसली.

तरी काका आडमुठे नव्हते. त्यांनी मला दोन्ही मोटरी आळीपाळीने गाडीवर बसवून बघायची परवानगी दिली. खाणीच्या आवारात जिथे पूर्वी मालाच्या वाघिणी उभ्या राहायच्या तिथे लांब सपाट काँक्रीट आहे. मीरूना ताशी तीसचा वेग धरायची, मी खडूने काढलेल्या रेघेवर आली की ब्रेक दाबायची, आणि मी टेप घेऊन मागे धावायचे. प्रत्येक वेळी ब्रेक गार होऊ द्यायचा आणि पुन्हा. स्कूटरच्या मोटरसह गाडी आणि मीरूना मिळून एकशे बावन्न किलो. थांबायला लागले सरासरी साडेसोळा मीटर. खाणीच्या मोटरसह एकशे नव्वद किलो, एकवीस मीटर.

"साडेचार मीटरचाच फरक," काका म्हणाले. त्यांच्या मते प्रश्न मिटला होता.

मी त्यांना समजावून सांगितलं. सपाटीवर ब्रेकला फक्त वेग मोडायचा असतो. उतारावर गाडीचं वजनही खाली ओढतं, आणि ब्रेकची ताकद मात्र तेवढीच राहते. म्हणजे वजनाशी झगडून जी ताकद उरेल तीच थांबवायला उपयोगी. शाफ्टच्या उतारावर हलकी गाडी सव्वीस मीटरमध्ये थांबेल, जड गाडीला एकोणचाळीस लागतील. तेही ब्रेक गार असेल तर. ड्रम घासून तापला की पकड कमी होते, आणि अर्ध्यावर आली तर हलकी गाडी शे-सव्वाशे मीटरमध्ये तरी थांबेल. जड गाडीला पाच-सहाशे मीटर लागतील.

"तापतो किती?" मीरूनाने विचारलं.

"ते मी मोजलेलं नाही. मला माहीत नाही."

काका शांतपणे ऐकत होते. ते गणिताला कधी हसले नाहीत, हे मला सांगितलंच पाहिजे. त्यांनी विचारलं, आणखी एक ब्रेक लावला तर? मी म्हटलं, लावायलाच हवा. सावूकाकांनी सांगितलं, शेजारच्या गावात एक मोपेड पडून आहे, पण तिचा मालक सोमवारी परत येतो. शर्यत रविवारी होती.

मग मी दुसरी वाट सुचवली. स्कूटरची मोटर बसवू, बॅटऱ्या मागे मोकळ्या हवेत ठेवू, मोटर त्यांच्यापासून लांब, मध्ये पत्रा. काकांनी स्कूटरची मोटर हातात घेतली, तिला चिमट्याने बॅटरी जोडली आणि गॅरेजचा दिवा मालवून दार ओढून घेतलं. अंधारात मोटर बारीक आवाजात फिरत राहिली. जाळीच्या आत, ब्रशांच्या टोकाशी, निळ्या ठिणग्यांचं एक कडं दिसत होतं. अगदी लहान, सुईच्या टोकाएवढ्या ठिणग्या. कुठल्याही चांगल्या मोटरीत तेवढ्या असतातच.

"ते बघ," काका म्हणाले. त्यांनी तार काढून दार उघडलं. त्यांचा चेहरा घामाने ओला झाला होता. "यावर माझी पोर बसणार नाही. बंद मोटर असेल तर गाडी निघेल, नाहीतर नाही."

मीरूनाने मला बाहेर नेलं. गॅरेजांच्या मागे कपडे वाळत घालायच्या तारांखाली ती म्हणाली, "ताई, आता जाऊ दे. ते हो म्हणालेत हेच खूप आहे. मी हळू येईन ना."

"हळू येणं तुझ्या हातात नाही, ब्रेकच्या हातात आहे."

"तुला प्रत्येक गोष्टीत कुणीतरी ओढणारं आणि कुणीतरी अडवणारं दिसतं. लग्न कसं होणार तुझं?"

आम्ही आत गेलो तेव्हा काकांनी उत्तर शोधलं होतं. खाणीत विजेच्या कामाबरोबर ते तिरप्या बोगद्यातून माणसांची गाडी उतरवायचं यंत्रही चालवायचे, वीस वर्षं, एकही अपघात नाही. त्याची रीत सोपी होती. वेग चढूच द्यायचा नाही. वरून निघतानाच ब्रेक दाबायचा आणि तळाशी पोचेपर्यंत सोडायचा नाही. सुटलेल्या गाडीला थांबवायचं म्हटलं तरच एकोणचाळीस मीटरचा प्रश्न येतो. गाडी सुटलीच नाही तर थांबवायचं काय?

मी म्हटलं, काका, त्या यंत्राचा ब्रेक या दारापेक्षा मोठा होता, तो तापायचा नाही. हा बशीएवढा आहे. सगळा उतार हा घासत राहिला तर सगळी उष्णता याच्यातच जाणार. मीरूनाने मधेमधे ब्रेक सोडून त्याला गार होऊ द्यायला हवं, किंवा गाडी खाली आणूच नये.

"मधे सोडायचा?" सावूकाका म्हणाले. ते एरवी माझी बाजू घ्यायचे. "पोरी, उतारावर ब्रेक सोडणारा माणूस आम्ही एकच पाहिला. त्याचा फोटो अजून कॅन्टीनच्या भिंतीवर आहे."

काकांनी मीरूनाला जवळ बोलावलं आणि तिच्या हाताची मूठ आपल्या हातात धरली, ब्रेकची दांडी धरावी तशी. "अशी. वरपासून खालपर्यंत. काहीही झालं तरी सोडायची नाही. समजलं?"

"समजलं, बाबा."

त्या संध्याकाळी काकांनी मोटर बसवली. बसवण्याआधी त्यांनी खाणीतून आणलेला मेगर काढला. चामड्याची पेटी, बाजूला फिरवायचं हँडल, वर काटा. वीज मोटरच्या कवचात गळते की नाही ते त्याने कळतं. काकांनी हँडल फिरवलं. खाणीत काटा एक मेगाओमच्या खाली आला की मोटर दुरुस्तीला वर पाठवायचे. ही दोनशे दाखवत होती. काकांनी मला तो काटा दाखवला. त्यांना इतकं समाधानी मी फार वर्षांनी पाहत होते.

मी एवढंच कबूल करून घेतलं की रविवारच्या आधी उतारावर एक चाचणी करायची. सगळ्यांना ते पटलं. चाचणी कुणाला नको असते.

शनिवारी दुपारी सावूकाकांनी आपला ट्रक आडवा लावून रस्ता बंद केला. उताराच्या तळाशी रस्ता उजवीकडे वळतो आणि समोर खाणीच्या दिवेघराची, म्हणजे कामगारांना दिवे वाटायच्या इमारतीची, विटांची भिंत येते. तिथे त्यांनी गवताच्या गठ्ठ्यांच्या दोन रांगा रचल्या. मी वळणाच्या अलीकडे टेप आणि घड्याळ घेऊन उभी राहिले. काका शाफ्टपाशी वर.

चढ मोटरने सहज काढला. आवाज खोल, संथ, जळका वास नाही. मीरूना माझ्यासमोरून वर जाताना एक हात सोडून राणीसारखा हलवत गेली, आणि वरून काकांनी ओरडून तिला तो परत ठेवायला लावला.

उताराचा पहिला अर्धा भाग जसा ठरला होता तसाच झाला. गाडी सायकलच्या वेगाने येत होती, ब्रेकचा एकसारखा बारीक आवाज ऐकू येत होता. काका तिच्या मागे रस्त्याच्या कडेने चालत उतरत होते. मग मला तिच्या मागे धूर दिसला, अगदी पातळ, सिगारेटचा असतो तेवढा. ब्रेकचा आवाज बदलला, मऊ झाला. मी हात वर करून सोड, सोड अशी खूण केली. तिने माझ्याकडे पाहिलं. तिची मूठ दांडीवर तशीच होती.

गाडी सायकलच्या वेगातून मोटारसायकलच्या वेगात कधी गेली ते मला सांगता येणार नाही. मी घड्याळ बघत नव्हते. काका धावायला लागले होते. ब्रेकच्या जळलेल्या लायनरचा वास गाडीच्या आधी माझ्यापाशी आला. मीरूना समोरून गेली तेव्हा ती भिंतीकडे पाहत नव्हती, खाली दांडीकडे पाहत होती. दोन्ही हातांनी ती ओढून धरलेली होती. वळायला हात उरला नव्हता.

गठ्ठ्यांनी पुढची चाकं अडवली. मागची मोटर अडली नाही. तिचे चारही ब्रॅकेट तुटले आणि ती सीटमधून पुढे आली.

अविवाहित मुलीला आमच्याकडे नवरीच्या कपड्यांत पुरतात. मीरूनाचा पोशाख तिच्या आईने इटलीहून मिनीबसमधून येताना मांडीवर धरून आणला. सावूकाकांनी शवपेटी खांद्यावर घेतली, पण चर्चपासून कबरीपर्यंत मान वर केली नाही. कबरीपाशी लोकांना उकडलेला गोड गहू वाटला, आलुबुखाराच्या दारूचे पेले फिरले, आणि मग हळूहळू बोलणी सुरू झाली. कुणी म्हणालं ब्रेक तुटला. कुणी म्हणालं मोटर मधेच अडकली असेल, विजेचं काय खरं आहे, तिला धक्काच बसला असेल, म्हणून बिचारीने दांडी सोडली नाही. हे दुसरं बोलणं काकांच्या मागच्या बाकावर झालं. काकांनी पेला खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला गॅरेजमध्ये बोलावलं. पोलिसांनी चौकट आणि चाकं नेली होती. मोटर जड म्हणून ती मागाहून नेणार होते. ती जमिनीवर होती, पुन्हा त्याच दोन विटांवर. कुणीतरी पुसली होती. काकांनी दाढी केलेली नव्हती, शर्ट कालचाच होता.

"लोक म्हणतात हिने धक्का दिला," ते म्हणाले. "मला बघायचंय."

"काका, मोटरमध्ये काही बिघाड नव्हता. मोटर—"

"आधी मोज."

ते खाली बसले आणि बोल्टांवर बोट फिरवलं. त्यांचे ओठ हलत होते. मग पुन्हा पहिल्यापासून. बारा होते. त्यांनी एका बोल्टला पाना लावून पाहिला. तो हलला नाही. कवचाला एक ओरखडा होता, तडा कुठेही नव्हता.

मेगरची पेटी त्यांनी माझ्यापुढे सरकवली. "हँडल तू फिरव. मला काटा जवळून बघायचाय."

मी एक तार मोटरच्या टोकाला जोडली, दुसरी कवचाला, जिथे रंग खरवडला गेला होता तिथे. काकांनी चष्मा लावला आणि काट्याजवळ तोंड नेलं. मी हँडल फिरवायला लागले आणि वेग एकसारखा होईपर्यंत फिरवत राहिले.

काटा दोनशे मेगाओमवर थांबला, मोटर बसवण्याआधी होता तिथेच.